शरदकाकांची वेल्समधली मैदानं

शरदकाका रग्बी बघतात, पण त्यांना रग्बी कळत नाही. कोण जिंकलं हे त्यांनी एकदाही बरोबर सांगितल्याचं मला आठवत नाही. एखादा आडदांड गडी चौघांना अंगावर घेऊन धावत सुटतो, सगळे प्रेक्षक उभे राहतात आणि काका टीव्हीवर ओरडतात, "अरे, बाजूला व्हा ना! स्टँड दिसू द्या!"

अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायमध्ये आमची घरं शेजारी-शेजारी. शनिवारी सकाळी, म्हणजे वेल्समध्ये दुपारी, काकांकडे मॅच लागते. शुभाकाकूंच्या पोह्यांच्या लोभानं मी आणि माझा नवरा समीर जाऊन बसतो. वेल्स हा ब्रिटनच्या पश्चिमेकडचा चिमुकला, रग्बीवेडा देश. तिथलं लहानमोठं प्रत्येक मैदान काकांना तोंडपाठ आहे. कार्डिफच्या मैदानाचं छप्पर कसं सरकतं, कोणत्या मैदानाला नदीची ओल लागते, कोणत्या स्टँडच्या सावलीत हिवाळाभर ऊन पोचत नाही, सगळं. "खेळ काय, सगळीकडे तोच असतो," ते म्हणतात. "पाणी कुठे जातं ते बघायचं."

'पाणी कुठे जातं' हे त्यांचं पालुपद. त्यांची सगळी नोकरी एका गाडीच्या कंपनीत, नव्या गाड्यांवर पाणी मारून ते आत शिरतं का हे बघण्यात गेली. माणूस रिटायर झाला, पाणी झालं नाही. आमच्या बाळाच्या बारशाला हॉलमध्येसुद्धा त्यांनी बाळाआधी छप्पर बघितलं होतं.

युरोपला निघालेल्या माणसाची तर त्यांच्या तावडीतून सुटका नसते. "पॅरिस काय, कुणीही बघतं. वेल्समध्ये न्यूपोर्टला जाऊन या." एक भिडस्त जोडपं खरंच गेलं आणि मैदानासमोर हसत उभं राहून फोटो पाठवला. काकांचं उत्तर आलं, "छान. तुम्ही जरा सरकला असतात तर गवत दिसलं असतं."

स्वतः मात्र ते वेल्सला कधी गेले नाहीत. विचारलं की म्हणतात, "इथून चांगलं दिसतं."

असं का, ते मला काकूंनी सांगितलं. त्यांचा एकुलता एक मुलगा, निखिल, वेल्समध्येच आहे. एका लहानशा गावातल्या रग्बीच्या मैदानाची हिरवळ राखतो. इंजिनियरिंग अर्धवट सोडून तो गवताचं शास्त्र शिकायला तिकडे निघाला तेव्हा काका कडाडले, "एवढं शिकवलं ते काय तिकडे जाऊन गवत उपटायला?"

निखिल मिशिगनमध्ये जन्मलेला. त्याचं मराठी रविवारच्या शाळेतलं. आपल्याकडे रिकामटेकड्याला असं म्हणतात, हे त्याला कुठून ठाऊक असणार? तो सरळ चेहऱ्यानं म्हणाला, "नो बाबा. उपटायला नाही, लावायला."

काकांना वाटलं, कार्टं तोंडावर टिंगल करतंय. त्यांनी बोलणं टाकलं. काही महिन्यांनी त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, पण तोवर अबोला मुरला होता. आता आधी कोणी बोलायचं, या प्रश्नावर दोघं बापलेक अडून बसले. काकूंचा रविवारी निखिलला फोन असतो. काका त्या वेळी स्वयंपाकघरात भांडी घासतात, पण नळ बंद ठेवून.

हे कळल्यावर मला काकांची कीव आली नाही, राग आला. माणूस छपरावर तासभर बोलतो आणि पोटच्या पोराबद्दल अवाक्षर नाही! पण मध्यंतराला आम्ही चहाला उठलो तरी ते जागचे का हलत नाहीत, हेही मला तेव्हाच कळलं. मध्यंतरात हातात लांब दांड्याचे, दाताळ्यासारखे काटे घेतलेली चार माणसं मैदानात येतात आणि बुटांनी उखडलेली ढेकळं दाबत फिरतात.

गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी निखिलच्याच मैदानावरची मॅच लागली. तिकडे धो धो पाऊस. मध्यंतरापर्यंत एका कोपऱ्यात तळं साचलं. रेफरीनं तिथे चेंडू टाकून बघितला, तो उसळलाच नाही.

"शुभा, पाणी जात नाहीये," काका उभे राहिले.

रेनकोट घातलेला एकजण गुडघ्यांवर बसून, पाणी मुरावं म्हणून चिखलात काटा खुपसत होता. टोपी मागे पडली होती. कॅमेरा जवळ गेला.

"केस किती गेले याचे," काका म्हणाले.

"जातील नाहीतर काय," काकू म्हणाल्या. "तुम्ही शेवटचं कधी बघितलंत त्याला?"

रेफरीनं हात हलवून मॅच रद्द केली. लोक पांगले. निखिल तिथेच उभा राहिला, काट्यावर हात टेकून. एकटाच.

"फोन लाव," काका म्हणाले.

काकूंनी स्पीकरवर लावला. बराच वेळ वाजला.

"आई, नॉट नाउ, प्लीज."

"आई नाही. मी बोलतोय."



"तो ड्रेन चोक झाला असेल," काका घाईघाईनं म्हणाले. "स्टँडच्या बाजूनं उघडून बघ."

"बघितला, बाबा. ड्रेन ओके आहे. जमीनच फुल झालीय. खूपच पाऊस झाला."

"अस्सं."

जन्मभर पाण्यावर बोलणाऱ्या माणसाजवळचं पाणीच संपलं. आता फोन ठेवणार, असं मला वाटलं. काकूंनी माझा हात धरला होता, तो चांगलाच दुखत होता.

"तू त्या दिवशी मला उलट उत्तर दिलंस, असं वाटलं मला," काका म्हणाले. "ते तसं नव्हतं. चुकलंच माझं."

"कुठल्या दिवशी?" निखिलनं विचारलं. मग त्याच्या लक्षात आलं असावं. "बाबा, तुम्ही विचारलंत म्हणून मी सांगितलं. मला वाटलं, तुम्हाला माझं काम आवडलं नाही."

काकांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"स्प्रिंगमध्ये याल?" निखिल म्हणाला. "ग्राउंड तेव्हा मस्त असतं. वर चालून बघा."

काका टीव्हीकडे बघत राहिले. तिथे आता जाहिरात लागली होती.

"तुझ्या मैदानावर चपला चालतात का रे," त्यांनी हळूच विचारलं, "की बाहेर काढायच्या?"

पावसातून निखिलचा आवाज आला.

"शूज घालूनच या, बाबा. पण या."