कडुनिंबाखालचं बाक

बाक मंजूर करून आणणं म्हणजे आपल्या डाव्या हाताचा मळ, असं लहानूजींनी दाढी करताना आरशाला सांगून टाकलं. ऐकायला घरात दुसरं कोणी नव्हतंच. बायको जाऊन दीड वर्ष झालेलं, मुलगा पुण्याला, आणि दूधवाला पिशवी फाटकाला अडकवून घंटी न वाजवता पसार होणारा.

वॉर्डाचा निधी कुठे लावायचा ते यंदा गल्लीनेच ठरवायचं होतं. काम एकच होणार, मत हात वर करून द्यायचं, आणि एका घराचा एकच हात. लहानूजी पहिल्याच दिवशी वॉर्ड ऑफिसात जाऊन दीप्ती मॅडमना सांगून आले, "नीम के नीचे एक बेंच. मेरा नाम मत लीजिएगा." आपल्याच फाटकासमोरचं झाड, लाज वाटली. पण हिशेब सरळ होता. बाक असलं तर संध्याकाळी कोणी बसेल, बसलं तर बोलेल. आता घरोघरी जाऊन हात तेवढे गोळा करायचे होते.

पहिलं घर कलावतीबाईंचं.

"बसा भाऊजी. किती दिसानं आले!" चहा आला, सोबत पापड आला. "गल्लीच्या त्या मोडावर लाइट नाही. अंधारात माझे हे गुडघे घेऊन मी कशी चालून राहिली, माझं मला माहीत. सांगा, लाइट पाहिजे का नाही?"

लहानूजी बाकाचं काढणार, तेवढ्यात दुसरा कप समोर आला. दुसरा कप त्यालाच मिळतो, ज्यानं पहिल्यावर 'नाही' म्हटलेलं नसतं.

"अगदी बरोबर," ते म्हणाले.

जगदीशकडे नालीचा विषय निघाला. "काकाजी, नाली झाकली पाहिजे. मच्छर आता नाव विचारून चावून राहिले."

"अगदी बरोबर."

नीलिमाताईंना गतिरोधक हवा होता. त्यांची पायल सायकलवर शाळेत जायची आणि मोटारसायकलवाले पोट्टे वाऱ्यासारखे सुटायचे. तिथे बिस्किटं होती. अर्थातच, अगदी बरोबर.

आठवडाभर लहानूजी गल्ली फिरले. काही घरी विचारपूस करायला म्हणून पुन्हा गेले. पँट कमरेत घट्ट झाली, बाकाचा विषय मात्र कुठेच निघाला नाही. आणि त्या गल्लीचा कायदा असा की ज्यानं आपल्या घरचा चहा पिऊन मान हलवली, तो आपला माणूस. त्यामुळे तिन्ही पक्षांनी लहानूजींना आपल्याच खात्यात जमा धरलं होतं.

रविवारी सभा भरली. दीप्ती मॅडमनी हात मोजले. लाइट, नाली, गतिरोधक, तिन्ही बरोबरीत. एकाच घराचा हात उरला होता.

"अंकल जी, आप?"

"भाऊजी तर लाइटवालेच आहेत," कलावतीबाई म्हणाल्या. लहानूजींचा हात वर गेला.

"काकाजी?" जगदीशनं वळून पाहिलं. हात वरच राहिला.

"काका, तुम्ही तर आम्हाला..." नीलिमाताईंचा आवाज पडला. उजवा हात अवघडला होता, म्हणून लहानूजींनी डावाही वर केला.

"एक घर, एक हाथ, अंकल जी."

"जी. अगदी बरोबर."

मॅडमनी कपाळावर हात फिरवला. मग त्यांच्याकडे बघत सावकाश म्हणाल्या, "एक काम और आया है. नीम के नीचे बेंच. किसी को कुछ कहना है?"

"हे कोणाचं डोकं?" जगदीश म्हणाला. "रिकामटेकडे येऊन बसतील दिवसभर. काय काकाजी?"

सगळी सभा लहानूजींकडे पाहू लागली. बोलायची वेळ हीच होती. त्यांनी तोंड उघडलं.

"अगदी बरोबर," ते म्हणाले.

त्यांचं मत बाद झालं, बरोबरी सुटली नाही, सभा पुढच्या महिन्यावर गेली. गल्ली मात्र लहानूजींच्या मागोमाग त्यांच्या फाटकापर्यंत आली.

"माझे पापड खाऊन तुम्ही नालीला हात दिला?" कलावतीबाई कडुनिंबाखाली उभ्या राहून विचारत होत्या.

"अन् माझ्याकडे दोनदा पोहे खाल्ले, त्याचं काय?" जगदीश.

"आम्ही तुम्हाला घरचं समजून राहिलो होतो," नीलिमाताई म्हणाल्या.

लहानूजी मान खाली घालून ऐकत होते. एवढी माणसं फाटकाशी आली होती ती दीड वर्षापूर्वी, आणि तेव्हा कोणी काही बोलत नव्हतं.

कलावतीबाईंनी एक हात झाडाला टेकला, दुसरा गुडघ्यावर. "एक मिनिट थांबा," म्हणत लहानूजी आत धावले. कोपऱ्यातल्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घट्ट बसल्या होत्या. वेगळ्या काढायची वेळच आली नव्हती. ओढताण करून ते बाहेर आले, तोवर गल्ली रिकामी झाली होती.

त्यांनी दोन्ही खुर्च्या कडुनिंबाखाली समोरासमोर मांडल्या आणि एकीत बसले. बसायला काही असतं, तर मंडळींनी आणखी तासभर तरी शिव्या घातल्या असत्या.