वजा एकशे अठरा

"अँटेनाचं मी बघतो," असं मी एका सकाळी चहा पिता पिता म्हणालो आणि तिथेच घोटाळा झाला. चहा पिताना माणसानं फक्त चहाच प्यावा.

आमचं घर गावाबाहेर, शेवटच्या शेताच्याही पलीकडे. हवा मोकळी, शेजाऱ्यांचा ताप नाही, आणि मोबाइलला रेंजही नाही. अगदीच नाही असं म्हणणार नाही. स्वयंपाकघरात ओट्याला पोट टेकवून खिडकीबाहेर डोकं काढलं की फोन लागतो. गेल्या कित्येक वर्षांत आम्ही सगळ्या नातेवाइकांशी याच आसनात बोललोय. इंटरनेटसाठी सिमकार्डवाला राउटर आहे, तो मी बाहेरच्या खोलीत लोखंडी कपाटाच्या मागे ठेवला होता. (धूळ बसू नये म्हणून. महागाच्या वस्तू मी नेहमी अशा जागी ठेवतो, की त्या वापरता येऊ नयेत.)

आजवर त्यावर आमचं भागत होतं. पण बायकोला शहरातल्या एका संस्थेचं पत्र आलं. ती शिवणकाम करते. बारा वर्षं तिनं लोकांच्या पँटी आखूड केल्या, चेनी बदलल्या, सैल कपडे घट्ट आणि घट्ट कपडे सैल करून दिले. आता संस्थेला घरबसल्या शिकवणारी बाई हवी होती. महिनाभरानंतरच्या सोमवारी सकाळी दहाला पहिला तास, विषय बाही आणि कॉलर, समोर पडद्यावर चाळीस विद्यार्थिनी. संस्थेच्या मुख्य बाई स्वतः ऐकायला बसणार. तास नीट झाला तर वर्षभराचा वर्ग हिचा, मध्येच अडकला तर यादीतल्या पुढच्या बाईंचा. पत्र आलं त्या दिवशी तिनं एका गिऱ्हाइकाच्या पँटीचा एकच पाय आखूड केला. तेव्हाच मला कळलं की हिला हे मनापासून हवंय.

तिच्यापेक्षा जास्त हवं होतं ते हेडसरांना. हेडसर म्हणजे माझे सासरे. निवृत्त मुख्याध्यापक, आमच्याकडेच असतात, आणि मी धरून सगळा गाव त्यांना हेडसर म्हणतो. आपली मुलगी शिक्षिका व्हावी ही त्यांची जुनी इच्छा. मुलीनं शिवणयंत्र घेतलं आणि एका क्लार्कशी लग्न केलं. यातलं शिवणयंत्र त्यांनी केव्हाच माफ केलंय.

तर अँटेना. मी ऑफिसात आवक-जावक सांभाळतो. अठरा वर्षांत माझ्या टेबलावरून एकही कागद नोंद झाल्याशिवाय हललेला नाही. (नोंद होऊनही फारसे हललेले नाहीत, ते सोडा.) त्यामुळे मी रीतसर फाइल उघडली. वर लिहिलं, "बाह्य अँटेना निवड प्रकरण". पाठीमागे दोरा ओवला, पानांना नंबर दिले, आणि तालुक्याच्या दुकानदाराकडे चौकशीला गेलो.

दुकानदार भला माणूस. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "साहेब, राउटर खिडकीत ठेवून पाहिलात का?"

मला राग आला. मी एवढी फाइल घेऊन आलोय आणि हा मला खिडकी सांगतोय! मी पहिल्या पानावर त्याचं म्हणणं लिहून घेतलं आणि शेजारी शेरा मारला, "किरकोळ. विचारात घेण्याची गरज नाही."

मग त्यानं निमूट अँटेना दाखवल्या. एक गोल काठीसारखी, ती चहूबाजूंनी येईल ते घेते. दुसरी चपटी, पाटासारखी, ती एकाच दिशेला तोंड करून बसते, पण त्या दिशेचं लांबूनही ओढून आणते. तुमच्याकडे टॉवर एकच आणि तो लांब, तेव्हा चपटी घ्या, म्हणाला. वायर मात्र आखूड ठेवा, लांब वायरीत सिग्नल वाटेतच संपतो. मी घरी येऊन तक्ता केला, गुण-दोषांचे रकाने पाडले, प्रस्ताव लिहिला आणि सहीसाठी बायकोपुढे ठेवला. ती म्हणाली, "अहो, चपटी घ्यायची ना? मग आणा की." मी म्हणालो, आधी सही. तिनं सही केली. मग ते हेडसरांकडे वरिष्ठांच्या मंजुरीला गेलं. त्यांनी लाल पेनानं शुद्धलेखनाच्या चुका काढून ते परत पाठवलं. मी पुन्हा लिहिलं. या सगळ्यात तीन आठवडे गेले आणि अँटेना आली ती तासाच्या आदल्या शनिवारी.

रविवारी सकाळी मी गच्चीवर चढलो. कोपऱ्यात लोखंडी पाइप उभा केला, त्याच्या बुडाशी सिमेंट भरलं, वर अँटेना अडकवली आणि वायर भिंतीतल्या भोकातून खाली कपाटामागच्या राउटरपर्यंत नेली. आता अँटेना हळूहळू फिरवायची आणि सिग्नल कुठे चांगला येतो ते पाहायचं. सिग्नलचा आकडा खाली बायकोच्या लॅपटॉपवर दिसणार, आणि तिथलं बोलणं गच्चीवर नीट कळत नाही. (फोनवर विचारलं असतं, पण फोन लागत असता तर अँटेना कशाला आणली असती?) म्हणून मध्ये, अंगणात, खुर्ची टाकून हेडसर बसले. बायको खिडकीतून आकडा सांगणार, आणि हेडसर तो शाळेच्या मैदानावरच्या आवाजात मला सांगणार.

बायकोनं एकदा विचारलं, "आकडा मोठा चांगला की लहान?"

"तू फक्त आकडा वाच," मी म्हणालो. "अर्थ लावणं माझं काम."

हे वाक्य पुढे मला बरेच दिवस ऐकवण्यात आलं.

सुरुवात केली. खालून हेडसर गरजले, "एकशे दोन!" मी थोडी फिरवली. "एकशे पाच!" मला हुरूप आला. आणखी फिरवली. "एकशे नऊ! एकशे तेरा! शाबास!" हेडसरही रंगात आले होते. एका जागी तर "एकशे अठरा!" आलं. त्याच्या पुढे आकडा जाईना. मी पाना घेतला, दात-ओठ खाऊन नट आवळले आणि अगदी शेवटच्या हिसक्याला नटाच्या कडाही झिजवल्या. म्हटलं, आता वादळ आलं तरी ही हलायची नाही.

एक गोष्ट जरा खटकली. टॉवरचं टोक आमच्या गच्चीवरून स्वच्छ दिसतं, पूर्वेच्या डोंगराच्या खांद्यावर. अँटेनानं त्याच्याकडे चक्क पाठ केली होती. हेडसरांनी शंका काढली तेव्हा मी त्यांना परावर्तन समजावून सांगितलं. लाटा कुठेतरी आपटतात आणि मागून येतात, असं काहीतरी. हेडसरांचा विषय इतिहास. त्यांना पटलं.

संध्याकाळपर्यंत लॅपटॉपवर एकही पान उघडलं नाही. मी बायकोला म्हणालो, नवीन आहे, सेट व्हायला वेळ लागतो, सिमेंटही अजून ओलं आहे. तिनं माझ्याकडे बघितलं, सिमेंटचा आणि इंटरनेटचा काय संबंध असं विचारलं नाही आणि फाइल वाचायला घेतली. ती फाइल आजवर कोणीच वाचली नव्हती. (मीही फक्त लिहिली होती.)

सोमवारी सकाळी नऊ वाजता तिनं फाइल माझ्यापुढे ठेवली. पान चौदा. माझंच अक्षर, खाली दुहेरी रेघ: "सिग्नलचा आकडा वजा असतो. शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला."

"मी काल प्रत्येक वेळी वजाच म्हणत होते," ती म्हणाली. "वजा एकशे दोन, वजा एकशे पाच. बाबा, तुम्ही वर काय सांगितलंत?"

हेडसर खाली बघू लागले. म्हणाले, "मला ते वजा बरं वाटेना. एवढी वर्षं शाळेत काढली, पण कुणालाही शून्याच्या खाली मार्क दिले नाहीत. कितीही ढ असो. म्हणून ते तेवढं गाळलं."

म्हणजे मी पूर्ण चक्रात शोधून शोधून सगळ्यात वाईट दिशा काढली होती, आणि ती कायमची आवळून ठेवली होती. बायको रडेल असं वाटलं. ती रडली नाही, पण बाहीचे कागदी नमुने घडी घालून पिशवीत भरायला लागली आणि ते बघून मला फार वाईट वाटलं. खरंच वाटलं. बारा वर्षं तिनं माझे सदरे उसवले की न सांगता शिवून ठेवले, आणि तिच्या एका तासासाठी मला एक पाट नीट बसवता आला नाही.

मी पाना घेऊन गच्चीकडे धावलो. नट हलेनात. कडाच उरल्या नव्हत्या, पाना नुसता गरगर फिरायचा. मग हातोडी आणली. तिसऱ्या ठोक्याला अँटेना पाइपाला धरून ठेवणारी पट्टीच तुटली आणि अँटेना माझ्या हातात आली. आता तिला लावायला काहीच नव्हतं. दहाला पाच मिनिटं कमी. मी मनाचा हिय्या केला, अँटेना दोन्ही हातांनी डोक्यावर धरली, डोंगराकडे तोंड केलं आणि खाली ओरडून सांगितलं, तास संपेपर्यंत मी हलणार नाही, आकडा सांगत राहा.

थोड्या वेळानं अंगणातून हेडसरांचा आवाज आला, "वजा सत्त्याण्णव!" या वेळी वजावर एवढा जोर होता, की पलीकडच्या शेतातली पाखरं उडाली. "जरा डावीकडे. वजा पंच्याण्णव! छान. आता तसेच उभे राहा."

मी तसाच उभा राहिलो. पाच मिनिटांत खांदे दुखायला लागले, दहा मिनिटांत बधिर झाले. ऊन चढलं. नाकाला खाज सुटली, ती मी अँटेनाच्या वायरीवर नाक घासून भागवली. रस्त्यानं पोस्टमन गेला, त्यानं वर बघून हात केला. मला हात करता येईना, म्हणून मी मान हलवली, आणि लगेच खालून आवाज आला, "हलू नका! वजा नव्याण्णव झालं!" मी पुन्हा खांब झालो. मध्येच बायकोच्या आवाजाचा तुकडा वर यायचा, शांत, ठाम, कधी नव्हे इतका मोठा. तो ऐकला की हातांत पुन्हा जोर यायचा. म्हटलं, माझ्यामुळेच चाललंय हे.

अकराला टाळ्यांचा आवाज आला. चाळीस जणींच्या टाळ्या, लॅपटॉपमधून, खिडकीतून थेट गच्चीपर्यंत. मी अँटेना खाली ठेवली आणि हात तसेच वर घेऊन जिना उतरलो, कारण ते खाली येतच नव्हते.

स्वयंपाकघरात बायको हसत होती आणि डोळेही पुसत होती. वर्षभराचा वर्ग हिचाच, मुख्य बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. तास एकदाही अडकला नव्हता. फक्त एका विद्यार्थिनीनं मध्येच विचारलं होतं, ताई, बाहेरून कोणी वजा पंच्याण्णव सांगतंय, ते बाहीच्या मापातून वजा करायचेत का? हेडसर दाराशी स्टुलावर बसले होते. त्यांचेही डोळे ओले होते आणि ते लपवत नव्हते. "ती वर्गाकडे पाठ करून शिकवत नाही," ते मला म्हणाले. "फार थोड्यांना जमतं."

मी वर धरलेल्या हातांकडे कोणाचं तरी लक्ष जाईल म्हणून जरा थांबलो. तेवढ्यात माझं लक्ष ओट्याकडे गेलं. खिडकीत, जिथं आम्ही डोकं बाहेर काढून फोन करतो तिथं, आमचा राउटर ऐटीत बसला होता. त्याला अँटेनाची वायर नव्हती. मी बाहेरच्या खोलीत जाऊन पाहिलं. गच्चीवरून आलेली वायर भोकातून लोंबत होती आणि तिचं टोक कपाटामागे जमिनीवर पडलं होतं.

"ही वायर कधी निघाली?"

"पावणेदहाला," बायको म्हणाली. "तुम्ही वर ठोकाठोकी करत होतात तेव्हा. फाइलच्या पहिल्याच पानावर होतं, खिडकीत ठेवून पाहा. ठेवला. लागला."

"मग मी तासभर काय धरून उभा होतो?"

ती ओढणीत तोंड लपवून हसायला लागली. मी हेडसरांकडे वळलो. ते आकडे कुठले सांगत होते, असं विचारलं.

"मनातले," हेडसर शांतपणे म्हणाले. "वर्गात चुळबुळणारं पोर असलं की त्याला मी बाहेर एखादं जबाबदारीचं काम द्यायचो. घंटेपाशी उभं राहा, झेंड्याची काठी धर. ते खूश, वर्गही शांत. तुम्ही खाली असतात, तर तास चालू असताना तीनदा तरी वायर बघायला आत आला असतात."

आणि मी खरोखरच आलो असतो.

पुढच्या रविवारी दुकानदाराचा माणूस आला. त्यानं अँटेना खिडकीच्या वरच्या भिंतीवर, टॉवरकडे तोंड करून बसवली, वायर हातभर ठेवली आणि वीस मिनिटांत निघून गेला. आता आकडा वजा ब्याऐंशी असतो, आणि वारा असो, ढग असोत, तास अडकत नाही. मी फाइलवर "प्रकरण निकाली" लिहिलं, तारीख टाकली आणि शेवटच्या अभिप्रायासाठी हेडसरांपुढे ठेवली. म्हटलं, काही झालं तरी तीन आठवडे मेहनत घेतलीय, तुमच्या हातून मार्क मिळावेत.

हेडसरांनी चष्मा लावला. फाइल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. मग लाल पेन काढलं आणि आपल्या साऱ्या नोकरीत पाळलेला नियम माझ्यासाठी मोडला. खाली वळणदार अक्षरात लिहिलं, "वजा एकशे अठरा."