पेढा की साखरफुटाणे

आमच्या बिल्डिंगमधल्या पेडणेकरांच्या घरी गणपतीचा प्रसाद मत ऐकून मिळायचा. बाप्पाला नमस्कार करून तुम्ही वळलात की पेडणेकर दोन वाट्या घेऊन उभे. एकीत पेढे, दुसरीत साखरफुटाणे. "मखर कसं वाटलं? मोकळेपणानं सांगा हं, मला अजिबात राग येत नाही." तुम्ही "अप्रतिम" म्हणालात तर पेढा. "छान आहे" म्हणालात तर अर्धा पेढा. "बरंय की" म्हणालात तर चिमूटभर साखरफुटाणे, तेही वरून सोडल्यासारखे. देवाच्या प्रसादात असा दुजाभाव करणारा माणूस मी अख्ख्या डोंबिवलीत दुसरा पाहिला नाही, आणि सोसायटीच्या टाकीतलं पाणी चोरणारेसुद्धा माझ्या पाहण्यात आहेत.

हे पेडणेकर मूळचे कोकणातले, नोकरी ठाण्याच्या एका कारखान्यात, आणि जीव कायम लोकांच्या तोंडात अडकलेला. नवा शर्ट घातला की जिन्यात येऊन उभे राहणार. घराला रंग दिला की येणाऱ्या-जाणाऱ्याला दंडाला धरून आत नेणार. दूधवाल्यालाही सोडत नसत. तो बिचारा "एकदम झकास, साहेब" म्हणून सुटायचा. मला ते कधी जमलं नाही. ज्याला खरं ऐकायचं नाही त्यानं विचारू नये, असं आपलं माझं मत.

मखराची तयारी श्रावणापासून चालायची. थर्माकोलच्या कण्या त्यांच्या घरातून जिन्यात, जिन्यातून आमच्या पायपुसण्यावर आणि तिथून थेट आमच्या आमटीत. एका वर्षी हिमालय, एका वर्षी रथ. मग एका वर्षी कमळात बसलेला गणपती आणि दोन बाजूंना हंस. पेडणेकर म्हणाले, मोकळेपणानं सांगा. मी सांगितलं, "हंस जरा बदकांवर गेलेत."

पेडणेकर हसले. "छे छे, बरं झालं सांगितलंत." मला साखरफुटाणे दिले. संध्याकाळी त्यांचं बीपी वाढलं. दुसऱ्या दिवशी हा गृहस्थ स्वतःच्याच घरच्या आरतीला उठला नाही, जेवला नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. डॉक्टर येऊन गोळी देऊन गेले. आणि पेडणेकरवहिनी आमच्या दारात.

"भाऊजी, तुम्ही हंसांना काही म्हणालात का?"

पुढच्या वर्षीपासून वहिनींनी फेरी सुरू केली. गणपतीच्या आदल्या दिवशी, गुडघे दुखत असताना, सगळे मजले चढून दारोदार. "उद्या याल तेव्हा जरा छान म्हणा हं. तुमचं काय जातं? ह्यांची झोप जाते हो."

"वहिनी, एवढ्या बाप्या माणसाचं हे काय कौतुक?"

"मामाकडे वाढलेत ते. तिथं कुणी कधी बरं म्हटलंच नाही त्यांना."

मामानं केलं आणि बिल्डिंगनं का भोगायचं, हे मला कळलं नाही. पण बाकीचे निमूट "अप्रतिम" म्हणू लागले. पेडणेकर महिनाभर छाती काढून हिंडायचे. मी आपला बाणा सोडला नाही, दर वर्षी साखरफुटाणे खाल्ले.

मग एका चैत्रात वहिनींना अर्धांगाचा झटका आला. हिंडू-फिरू लागल्या, पण उजवा हात नीट वळेना. श्रावणात त्यांनी कशाबशा नारळाच्या वड्या केल्या, तर कळव्याची नणंद चारचौघांत म्हणाली, "वहिनी, तुमच्या हातची ती चव राहिली नाही हो आता." झालं. वहिनींनी स्वयंपाकघरात पाय टाकणं सोडलं. घरात डबा येऊ लागला. दारात उभ्या राहून चार शब्द बोलायच्या, तेही बंद झालं.

गणपतीच्या आदल्या संध्याकाळी आमची बेल वाजली. दारात पेडणेकर, धापा टाकत. मी मनात म्हटलं, घ्या, आता स्वतःच प्रचाराला निघाले.

"बापट, उद्या या. तिनं मोदक करायचं कबूल केलंय. फार मागे लागलो तेव्हा. नीट होणार नाहीत, मला माहितीये. तुम्ही जरा छान म्हणा."

"मीच कशाला? अख्खी बिल्डिंग पडलीय की."

"बिल्डिंगचं ती खरं मानणार नाही. तीच जायची ना त्यांना शिकवायला, माझ्यासाठी."

मी दार पूर्ण उघडलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच वर्षी कळलं. जिन्यात कण्हायची, घरात ऐकू यायचं. माझ्यासाठी असं कुणी कधी चढलं नव्हतं हो. म्हणून विचारत राहिलो." एवढा मोठा माणूस शर्टाच्या बाहीनं नाक पुसत होता. "तुम्ही तोंडावर वाईट बोलता, हे तिला पक्कं ठाऊक आहे. तुमचं ऐकेल ती."

दुसऱ्या दिवशी गेलो. मखर नव्हतंच. पाटावर गणपती आणि मागे वहिनींची जुनी जरीची साडी. वाट्याही नव्हत्या, एकच ताट होतं. त्यातल्या मोदकांना कळ्या म्हणून नव्हत्या, पारी जाड, सारण बाहेर आलेलं. एक तर चक्क करंजीवर गेला होता.

"मोदक कसे झालेत, बापट? मोकळेपणानं सांगा हं." हे विचारताना पेडणेकर माझ्याकडे बघतच नव्हते. ते स्वयंपाकघराच्या पडद्याकडे बघत होते. पडद्याखाली वहिनींची पावलं दिसत होती.

मी एक खाल्ला. गूळ कच्चा होता आणि मीठ पडलंच नव्हतं.

"कळ्या काही जमल्या नाहीत, वहिनी," मी मोठ्यानं म्हणालो. "अगदीच ओबडधोबड झालेत. पण चव तुमचीच आहे."

पडद्याखालची पावलं जरा पुढे सरकली. मग पडद्यामागून बारीक आवाज आला, "भाऊजींना अजून वाढा हो."

पेडणेकरांनी माझ्या हातावर दोन मोदक ठेवले. मी दोन्ही खाल्ले आणि आणखी एक मागितला.