न थुंकलेला मावा

अक्कलदाढ दुपारी अडीच वाजता निघाली आणि चार वाजता योगराजचा सत्कार होता. डॉक्टरीणबाईंनी दाढेच्या जागी कापसाचा बोळा दाबला आणि बजावलं, "एक तास घट्ट चावून धरायचं. आज थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, लाळ गिळायची. जास्त बोलायचं नाही. घरी जाऊन झोपा."

"आज झोपणार नाहीत ते," योगराजची बायको कविता म्हणाली. "पोरीच्या शाळेत शाल मिळणार आहे त्यांना."

शाल मिळणार होती ती मावा सोडल्याबद्दल. बारा वर्षं लूमच्या खडखडाटात गालात तंबाखू-सुपारीचा मावा धरणाऱ्या योगराजनं तीन महिन्यांपूर्वी हर्षदाच्या डोक्यावर हात ठेवून तो सोडला होता. पाचवीतल्या हर्षदानं ही बातमी शाळाभर केली होती. कार्यक्रम चुकवणं म्हणजे पोरीला खोटं पाडणं. कविताला भाजीसाठी बाजारात उतरवून तो थेट सुरतेतल्या गोडादऱ्याच्या मराठी शाळेत गेला. रिक्षा गर्दीत अडकली म्हणून तास उलटला तरी बोळा तोंडातच राहिला. पडला तर काय, या भीतीनं त्यानं दात आणखी आवळले होते.

फाटकातच कारखान्यातला निंबा भेटला. त्याचा मुलगाही हर्षदाच्याच वर्गात होता.

"काय भाऊ, शाल लेवाले उना का?" त्यानं अहिराणीत विचारलं.

डावा गाल लिंबाएवढा फुगलेला. इंजेक्शननं बधिर झालेल्या ओठाच्या कोपऱ्यातून लाल थेंब ओघळत होता. लाळ बाहेर येऊ नये म्हणून योगराजनं हनुवटी वर केली आणि म्हणाला, "उं."

अख्ख्या सुरतेत ही हनुवटी आणि हे 'उं' कुणाला समजावून सांगावं लागत नाही. निंबानं स्वतःच्या गालातला मावा इकडून तिकडे केला आणि आपुलकीनं हसला. "माहीत व्हतं मले. मावा असा सुटस का?"

योगराजनं नाही म्हणून जोरजोरात मान हलवली. दाढेत कळ गेली आणि डोळ्यांत पाणी आलं. निंबाला तो पश्चात्ताप वाटला.

वर्गात बन्सीलाल गुरुजी होते. पस्तीस वर्षं शिकवून त्यांचा आवाज एकदाही चढला नव्हता. त्यांनी शाल उचलली, योगराजचा गाल पाहिला आणि शाल अलगद टेबलावर ठेवली.

"मुलांनो, रागवायचं नाही," ते म्हणाले. "सवय म्हणजे काय, ते आज आपल्याला समोर पाहायला मिळतंय. योगराजभाऊ, लाजू नका. थुंकून टाका."

गुरुजींनी स्वतः कचऱ्याची टोपली आणून पुढे धरली. योगराजनं दोन्ही हातांनी ती मागे ढकलली.

"पाहिलंत? इच्छा आहे, पण सोडवत नाही."

संतापून त्यानं खिशातून दवाखान्याची चिठ्ठी काढली आणि गुरुजींपुढे नाचवली. गुरुजींनी चष्मा लावून तिची पहिली ओळ वाचली. "दाढ काढली म्हणे. मुलांनो, मावा खाल्ला की पुढे काय होतं?"

"दात पडतात," वर्ग एका सुरात म्हणाला.

"पप्पा," हर्षदा बाकावरून उठली. तिचा आवाज ओला झाला होता. "तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवला होता ना?"

एवढं मात्र योगराजला सोसलं नाही. डॉक्टरीणबाई, बोळा, बधिर ओठ, सगळं विसरून तो ओरडला, "मावा नाही हा, अक्कलदाढ..."

शब्द कुणालाच कळले नाहीत. बोळा मात्र टोपलीत पडला, लालभडक, आणि त्यामागून रक्ताची धार लागली. निंबाचा मुलगा रडायला लागला. त्या दिवसाइतका धडा गुरुजींच्या वर्गाला कधीच पटला नव्हता.

हर्षदाला घेऊन योगराज रिक्षानं पुन्हा दवाखान्यात गेला. "बोलवानी ना पाडी'ती ने?" डॉक्टरीणबाई वैतागून गुजरातीवर आल्या, बोलू नका म्हटलं होतं ना! एक टाका घालून, नवा बोळा दाबून त्यांनी बशीतली दाढ हर्षदाला दाखवली. मावा-बिवा काही नाही, दाढच आडवी उगवली होती, हे तिनं दोनदा विचारून घेतलं आणि घरी येईपर्यंत बापाचा हात सोडला नाही.

पण गल्लीला कोण सांगणार? योगराज थंड दूध पीत होता, दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या कोमट पाण्यानं हळूच चूळ भरत होता, मऊ खिचडी गिळत होता आणि हर्षदाच्या वहीत लिहीत होता, 'गुरुजींनी सर्वांसमोर माफी मागावी.' खाली दोन रेघा. कविता म्हणायची, "अहो, शांत पडा. रागानं टाका उसवेल." मग तो तिसरी रेघ ओढायचा.

पाचव्या दिवशी गुरुजी स्वतः आले, बगलेत शाल घेऊन. "चिठ्ठी पुरती वाचली नाही मी. मुलांना पुरतं वाचा म्हणतो आणि स्वतःच चुकलो. उद्या प्रार्थनेला सगळ्यांसमोर खरं सांगतो."

योगराजच्या छातीवरचा दगड उतरला. तेवढ्यात दारात निंबा उभा राहिला. गाल रिकामे, डोळे खोल गेलेले.

"भाऊ, मना पोऱ्या दोन दिन जेवना नही. म्हणे, बाबा, तुमनं बी असंच रगत निघी. मी सोडी दिधा मावा. आज चौथा दिन." त्यानं हात पुढे केले. बोटं थरथरत होती.

गुरुजी घसा खाकरून म्हणाले, "निंबाभाऊ, खरं तर त्या दिवशी..."

योगराजनं हर्षदाकडे पाहिलं. तिनं निंबाच्या बोटांकडे पाहिलं, मग बापाकडे, आणि नको म्हणून हळूच मान हलवली. योगराजनं बऱ्या झालेल्या गालावर हात ठेवला, हनुवटी वर केली आणि कण्हला, "उं."

गुरुजी थांबले.

"खरं तर काय, गुरुजी?" निंबानं विचारलं.

"खरं तर," गुरुजी शालीची घडी सारखी करत म्हणाले, "तुम्ही फार चांगलं केलंत."

निंबा योगराजच्या शेजारी खाटेवर बसला आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "तू बी सोडी दे आते, भाऊ. जड जास, पण जमस माणूसले. मी शे ना."

योगराजनं निंबाच्या हातावर हात ठेवला आणि तीन महिन्यांपूर्वी सोडलेला मावा पुन्हा एकदा सोडला.