पहिल्या पायरीवर, ते

आप्पा टिपणीस आमच्या घरात कधी शिरले ते कुणालाच कळायचं नाही. आई तांदूळ निवडून उठायची, माजघरात पाऊल टाकायची, तर तिथल्या अंधारात स्टुलावर एक माणूस उभा. हातात बॅटरी, तोंड भिंतीकडे, मान एका बाजूला कललेली. आई ओरडायची. मग स्टुलावरून शांत आवाज यायचा, "वहिनी, मी आहे. मीटर वाचतोय. तुमचं चालू द्या."

"माझं काय चालू द्या?"

"गुणगुणत होता की. तिसऱ्या पायरीवरचं."

"मी? मी कुठं गुणगुणत होते?"

यावर आप्पा वाद घालत नसत. उजव्या हाताचा अंगठा बोटाच्या एका पेरावर दाबायचे, बॅटरी विझवायचे आणि आले तसे निघून जायचे. चपला फाटकापाशीच काढून ठेवलेल्या असायच्या, त्यामुळे जातानाही आवाज नाही.

आप्पा आमचे रोह्यातले शेजारी. घरोघर फिरून विजेचे मीटर वाचायची त्यांची नोकरी. निम्मी पेणला झाली, निम्मी रोह्याला. पण ती झाली पोटासाठी. त्यांच्या मते त्यांचं खरं काम होतं गाण्यांची क्रमवारी लावणं. तेव्हा रेडिओवर आठवड्यातून एकदा हिंदी गाण्यांची क्रमवारी पायऱ्या मोजत ऐकवत आणि कोणतं गाणं चढलं, कोणतं घसरलं यावर आमच्या आळीत अबोले धरले जात. आप्पा त्या भांडणात कधी पडले नाहीत.

"रेडिओवर लागतं म्हणून लोक ऐकतात, ते काय मत नाय," ते म्हणायचे. "माणूस एकटा असला, हाताला काम असलं आणि डोकं रिकामं असलं, की तोंडातून जे निघतं ते त्याचं मत. आणि ते ऐकायला मीटरवाल्याशिवाय घरात कोण शिरणार?"

नियम फार कडक होते. रेडिओबरोबर म्हटलेलं बाद. देवापुढे म्हटलेलं बाद. कुणाला ऐकवायला म्हटलेलं तर बादच बाद. शब्द नसले तरी चालतील, चाल पुरे. मात्र गुणगुणणाऱ्याला आपण गुणगुणतोय हे कळता कामा नये. "नकळत पाहिजे," हे त्यांचं पालुपद. आडनाव टिपणीस, पण या माणसाने क्रमवारीचं एक अक्षरही कधी टिपून ठेवलं नाही. सगळी मतं बोटांच्या पेरांवर. आठवडाभर आप्पा जेवताना, पाणी शेंदताना, सायकल चालवताना पेरं जपायचे. एकदा त्यांच्या हाताला विळी लागली, तर जखम सोडून त्यांना काळजी दुसऱ्या आणि चौथ्या पायरीचा घोळ होण्याची.

रविवारी सकाळी आमच्या ओट्यावर निकाल लागायचा. चहा घेऊन आप्पा खालच्या पायरीपासून वर चढत जायचे, आणि मधेमधे विक्रम. एका विरहाच्या गाण्याने म्हणे तळातून एकदम दुसरी पायरी गाठली होती, कारण सुट्टी संपून माहेरवाशिणी त्याच आठवड्यात सासरी गेल्या होत्या. एका उडत्या गाण्याला एका अतिशय कडक हेडमास्तरांच्या न्हाणीघरातून मत पडलं होतं, आणि ते आप्पांनी कधी उघड केलं नाही, फक्त त्या मास्तरांना रस्त्यात नमस्कार करताना ते जरा जास्त वाकायचे. पेणकरांवर मात्र त्यांचा राग होता. नवीन गाणं आधी पेणला उतरतं आणि तिथल्या लोकांच्या तोंडून शिळं होऊन मग रोह्याला येतं, असं त्यांचं म्हणणं होतं. "पायरी ओळखा म्हणावं पेणकरांना," ते म्हणायचे.

मग त्यांची बायको, आमची कुसुमकाकू, कुंपणापलीकडून हसायची. ती पेणची. "यांना सूर नाय ना गो," ती आईला सांगायची, "म्हणून दुसऱ्यांचे मोजत फिरतात." खोटं नव्हतं ते. गणपतीच्या आरतीला आप्पांना फक्त टाळ्या वाजवायची परवानगी होती आणि त्यातही लोक त्यांच्यापासून लांब उभे राहत.

कुसुमकाकूचं राज्य उन्हाळ्यात. आळीत कुणाकडेही पापड असोत, पोळपाट घेऊन काकू हजर. पीठ कुटून घ्यावं तिनेच आणि सगळ्यांत पातळ पापड लाटावा तोही तिनेच. आम्ही पोरं तिच्या मागे पडून तेलात बुडवलेल्या लाट्या खायचो. पंखा नसायचा, दुपार सरता सरायची नाही, लाटण्यांचा आवाज ऐकत आम्हाला तिथेच झोप लागायची.

मी हायस्कुलात असताना काकू गेली. छातीत कळ आली एवढंच निमित्त झालं. आप्पा वर्षभर ओट्यावर आले नाहीत. मीटर वाचायचे, घरी जायचे. क्रमवारी संपली असंच सगळ्यांनी धरलं.

आणि मग एका रविवारी ते आले, चहा घेतला, जणू मधे काही झालंच नव्हतं अशा आवाजात खालून वर चढत गेले. दुसरी पायरी झाली. करंगळीच्या पहिल्या पेरावर अंगठा ठेवला.

"आणि पहिल्या पायरीवर, ते."

"ते म्हणजे कोणतं?" माझ्या वडिलांनी विचारलं.

"नाव नाय त्याला. शब्द पण नायत."

"रेडिओवर लागतं?"

"रेडिओवर कुठून लागणार," आप्पा म्हणाले आणि उठले.

पुढल्या रविवारी पहिल्या पायरीवर तेच. त्याच्या पुढल्याही. पावसाळा गेला, गणपती गेले, शिमगा गेला, खालची गाणी आली आणि गेली, ते काही हललं नाही. असा विक्रम रेडिओवरच्या कुठल्या गाण्यालाही जमला नव्हता. विचित्र हे, की आळीत ते कुणी ऐकलेलं नव्हतं. आप्पांच्या म्हणण्याप्रमाणे आमच्याकडे होतं, समोरच्या घरात होतं, सासरवाडीला पेणला तर तीन घरांत होतं. आणि ज्या घरात विचारावं तिथे एकच उत्तर, मी? मी कुठं? पोरांनी ठरवून टाकलं की हे भुताचं गाणं आहे आणि ते माणसांच्या तोंडून गातं. आईने बजावलं, तिन्हीसांजेला त्याचं नाव काढायचं नाही. नाव नाहीच त्याला, असं धाकटा भाऊ म्हणाला आणि धपाटा खाल्ला.

मी सगळं हसण्यावारी न्यायचो. खांबच्या घराची गोष्ट ऐकली तेव्हा मात्र हसलो नाही. खांबला हायवेपासून आत एक घर होतं, तिथला मीटर पडवीत. आप्पा गेले तर दाराला कुलूप. शेजारची बाई म्हणाली, "घरात कोन नाय वो. म्हातारी वारली, पोरगा ममईला. कुलूपच हाय तवापासून." आप्पांनी मीटर पाहिला. आकडा मागच्या वेळचाच, चकती जागची हललेली नाही. ते वळले आणि त्यांना आतून ऐकू आलं. स्वयंपाकघराच्या बाजूने. हलक्या आवाजात, मधे मधे श्वास घेत.

"मग?" वडिलांनी विचारलं.

"मग काय. उभा राहिलो संपेपर्यंत. युनिट शून्य, मत एक."

"बंद घरातलं मत धरता तुम्ही?"

"घर उघडं पाहिजे असं नियमात कुठं आहे?" आप्पा म्हणाले आणि बशीत चहा ओतू लागले. पेणहून कोलाडला जाताना ते घर एसटीतून लांबून दिसतं, आणि मी अजून त्या बाजूला बघत नाही.

वर्षं गेली. आप्पा निवृत्त झाले. माझे आईवडील गेले, भाऊ पुण्याला गेला, मी इथल्याच शाळेत मास्तर झालो, लग्न झालं. समोरचं घर पाडून बिल्डिंग झाली. मीटर घरातून निघून बाहेरच्या पेटीत आले, आता रीडर येतो तो फाटकातूनच फोटो काढून जातो. आप्पांना घरांत शिरायला कारण उरलं नाही. मग ते चाळण मागायला जायचे, घड्याळ विचारायला जायचे. लोक कानात वायरी घालून बसलेले. निकालाला आता ऐकणारे दोघंच, मी आणि माझी बायको सुनंदा. खालच्या पायऱ्या एकेक करत मोडल्या. शेवटी निकाल एका वाक्याचा झाला. "पहिल्या पायरीवर, ते." चहा संपायच्या आत निकाल संपायचा.

सकाळी मात्र ते रोज पेपर वाचायला आमच्याकडे यायचे. मी न्हाणीघरापाशी आरसा टांगून दाढी करतो, त्याच वेळेला. एका सकाळी ते गेल्यावर सुनंदा म्हणाली, "आप्पांनी आज पेपर उलटा धरला होता. काल पण."

"म्हातारे झाले."

"तसं नाय. तुमची दाढी होईपर्यंत थांबतात ते. तुम्ही गुणगुणता ना, ते संपलं की उठतात."

"मी? मी कुठं गुणगुणतो?" मी म्हणालो, आणि दाढीचा ब्रश धुवायचा सोडून तिच्याकडे बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी आरशापुढे उभा राहिलो तर सगळं लक्ष स्वतःच्या ओठांकडे. काही येईना. ओट्यावर पेपरचा आवाज नव्हता, आप्पांच्या श्वासाचासुद्धा नव्हता. दाढी झाली. बऱ्याच वेळाने पेपराची घडी घातल्याचं ऐकू आलं. असं चार दिवस झालं, पाचव्या दिवशी ते आलेच नाहीत. रविवारी आले. चहा तसाच ठेवला.

"पहिली पायरी रिकामी," ते म्हणाले. आणि मग माझ्याकडे न बघता, "तुला कुणी सांगितलं?"

"सुनंदाने. तिला काय माहीत, आप्पा."

"तिची चूक नाय." पेरावरचा अंगठा त्यांनी काढून घेतला. रिकामा हात कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. "कुसुमचं ते. पापड लाटताना म्हणायची, लाटण्याच्या तालावर. तिच्या आईकडून आलेलं असेल. मी विचारलं एकदा, तर म्हणाली, मी कुठं म्हणते? ती गेली आणि मी आठवायला बसलो. माझ्याकडे सूर असता तर काय पाहिजे होतं. आठवायला गेलो की नुसती आरती आठवायची. वर्षभर घरात काही म्हणजे काही नाय. मग एक दिवस तुमच्या माजघरात स्टुलावर चढलो, आणि आत तुझी आई भाकऱ्या थापत होती."

मी चहा त्यांच्या जवळ सरकवला.

"उतरलोच नाय मी. मीटर वाचायचा राहिला, मागचाच आकडा लिहिला. नोकरीत तेवढी एक लबाडी केली. मग कळलं, जिथं जिथं ती लाटायला बसली होती तिथं तिथं राहिलंय. खांबची म्हातारी तिची मावशीच. घरं मोजायला लागलो. मग घरं कमी व्हायला लागली. शेवटी तू एकटाच होतास. म्हणून बोललो नाय कधी. बोललो असतो तर असंच झालं असतं."

मला फार वाईट वाटलं. पुढचे कितीतरी दिवस मी प्रयत्न केले. दाढी करताना डोकं रिकामं करायला बघायचो, पण डोकं रिकामं करायचं ठरवलं की जगातल्या सगळ्या गोष्टी तिथे येऊन बसतात. लाटणं घेऊन पोळपाटावर फिरवून पाहिलं. सुनंदाने स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं आणि काही न बोलता परत गेली. चाल नाही की चालीचा तुकडा नाही. लाट्यांच्या तेलाचा वास तेवढा आठवायचा.

पावसाळा सरता सरता आप्पांना ताप आला. डॉक्टर म्हणाले, वय आहे, जपा. दुपारची शाळा सुटल्यावर मी सुनंदाने केलेली पेज घेऊन त्यांच्याकडे गेलो. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. पेज कढत होती. खुर्ची ओढून मी ती एका वाटीतून दुसरीत, दुसरीतून पहिलीत अशी ओतत बसलो. शाळेत चाचणीचं वेळापत्रक माझ्या गळ्यात पडलं होतं. गणिताचा पेपर शनिवारी ठेवावा तर खेळाच्या मास्तरांचा मोडता, सोमवारी ठेवावा तर मराठीच्या बाईंना रजा हवी. शनिवार सकाळ धरली तर जमेल का, असा हिशेब करत ओततोय, ओततोय.

किती वेळ गेला कोण जाणे. सहज लक्ष गेलं तर आप्पांची मान उशीवर किंचित कललेली होती. चादरीवर त्यांचा उजवा हात पडला होता. त्या हाताचा अंगठा अगदी सावकाश करंगळीच्या पहिल्या पेरावर आला आणि तिथे दाबून राहिला.

मी? मी कुठं, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. ते मी गिळले.

"आप्पा," मी म्हणालो, "पेज निवली."

"निवू दे अजून जरा," ते भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाले.

मी पुन्हा वाटी उचलली आणि शक्य तितक्या मनापासून वेळापत्रकाचा विचार करू लागलो.