शंभर टक्के ओली हवा

सोमवारी सकाळी शिवप्रसादने शेडच्या भिंतीवरचे दोन्ही थर्मामीटर वाचले आणि त्याच्या हातातला तुतीच्या पाल्याचा भारा खाली पडला. दोन्हींवर एकच आकडा होता, अठ्ठावीस.

दुसरा कुणी 'बरं झालं, दोघांचं जुळलं' म्हणून चहाला घरी गेला असता. पण शिवप्रसादने सोलापुरात एसी-फ्रिजचा डिप्लोमा केला होता, आणि हवा हा त्याचा जिव्हाळ्याचा विषय होता. त्यातला एक थर्मामीटर उघडा. दुसऱ्याच्या टोकाला कापसाची वात गुंडाळून ती खालच्या बाटलीतल्या पाण्यात सोडलेली. हवा कोरडी असली की वातीतलं पाणी उडतं, तो थर्मामीटर गार पडतो आणि दोघांत फरक दिसतो. फरकच नाही, म्हणजे हवेत आता थेंबभरही पाणी मावायला जागा नाही. त्याने शेजारच्या तक्त्यावर बोट फिरवलं. आर्द्रता शंभर टक्के.

"श्रीदेवी! अगं मेलो! हवा शंभर टक्के ओली झाली!"

बायको धावत आली. घाबरायला कारणही होतं. मागच्या खेपेला ओल्या हवेनेच रोग पडून सगळ्या रेशीम अळ्या गेल्या होत्या. निम्मं जळकोट सांत्वनाला येऊन चहा पिऊन गेलं, आणि शिवप्रसादच्या आईने, रुद्रम्माने, निकाल देऊन टाकला होता, "अजून एक डाव. ह्या बी गेल्या तर तुती उपटायची अन् सोयाबीन पेरायचं. मग अळीचं नाव काढायचं न्हाय." आता कोष बांधायला जेमतेम दोन दिवस उरले होते.

शिवप्रसादने दारा-खिडक्यांवरची ओली पोती काढून बाहेर फेकली, जाळीचे पडदे वर केले. अर्ध्या तासाने पाहिलं, एकोणतीस आणि एकोणतीस. शंभर टक्के. पंखे लावले, ओल शोषायला अळ्यांच्या रॅकवर चुना भुरभुरला. तीस आणि तीस. पुन्हा शंभर टक्के.

"हवा तापवली की तिच्यात पाण्याला जास्ती जागा होती. पुस्तकातच हाय," असं म्हणत त्याने दोन शेगड्या पेटवून आणल्या.

"अहो, माझे ओठ फुटायलेत," श्रीदेवी म्हणाली. "घशाला कोरड पडलीय. कुठली ओली हवा घेऊन बसलाव?"

"ओठ काय मोजायचं यंत्र हाय का? यंत्र भिंतीवर हाय!"

यंत्र बत्तीस आणि बत्तीस सांगत होतं. शिवप्रसादने घाम पुसायला रुमाल काढला, तोवर घाम वाळूनही गेला होता. पण शिकलेला माणूस, त्याने तिकडे लक्ष दिलं नाही.

तेवढ्यात रुद्रम्मा उडदाच्या पापडांचं ताट घेऊन आत आली. "हितं झकास कोरडं झालंय रे. रिकाम्या रॅकवर पापड टाकते."

"अव्वा, नको! शंभर टक्के ओलं हाय हितं. बुरशी यील!"

"व्हय का?" असं म्हणत तिने पापड पसरलेच. तासाभराने येऊन एक उचलला आणि मोडला. कट्टकन आवाज झाला. एरवी अळ्यांच्या पाला कुरतडण्याच्या आवाजात तो ऐकूही आला नसता, पण आता शेड चिडीचूप होतं.

शिवप्रसाद मोडक्या पापडाकडे बघत राहिला. मग तो भिंतीपाशी गेला, बाटलीत बोट बुडवलं आणि हुंगलं.

"अव्वा, ह्यात तेल कुणी घातलं?"

"म्याच की. सोमवार म्हणून मोटरीला, ट्रॅक्टरला विभूती लावत लावत सकाळी हितं आले, तर वात पाण्यात! शिवा शिवा! पाण्यात वात ठिवत्यात का कुठं? नवी वात वळली, करडईचं तेल घातलं. संध्याकाळी लावणार बी व्हते."

"अगं, तेल उडत न्हाय! मग थर्मामीटर गार कशानं पडंल?"

एवढं बोलून तो मटकन खाली बसला. म्हणजे सकाळी हवा अगदी बेतशीर होती, आणि ती त्याने स्वतःच्या हाताने भाजून काढली होती. अळ्यांनी खाणं सोडलं होतं. सगळ्या माना वर करून गप्प होत्या. "गेल्या," तो म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. "ह्या बी गेल्या."

श्रीदेवीने एक अळी तळहातावर घेऊन खिडकीकडे धरली. "अहो, मेल्या न्हाईत, पिकल्यात! बघा की, अंगातून उजेड दिसायलाय. ही तर धागा सोडायलीय!"

शिवप्रसाद उठला. तक्त्याखाली अळ्या सांभाळायच्या सूचना होत्या, त्यातली शेवटची ओळ त्याने परवासाठी ठेवली होती. ती त्याने आता वाचली. 'कोष बांधताना हवा कोरडी व खेळती ठेवावी.' सगळं आधीच झालेलं होतं! त्याने शेगड्या तेवढ्या बाहेर नेल्या आणि तिघांनी मिळून दुपारपर्यंत चंद्रिका, म्हणजे कोष बांधायच्या जाळ्या, अंथरल्या. शिवप्रसाद मधूनच उगाच हसत होता.

सहाव्या दिवशी जाळ्या पांढऱ्याशुभ्र, टणक कोषांनी भरून गेल्या. पुन्हा निम्मं जळकोट येऊन चहा पिऊन गेलं. रुद्रम्माने एक कोष कानाशी हलवून पाहिला आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे तुती."

शिवप्रसादने बाटली घासून तिच्यात पाणी भरलं, नवी वात सोडली. रुद्रम्मा मागे उभी राहून दुसऱ्या, उघड्या थर्मामीटरकडे बघत होती.

"ह्या बिचाऱ्याला तर वातच न्हाय," ती हळूच म्हणाली. "ह्याला तरी तेलातली दिऊ का?"

शिवप्रसादने तक्त्याकडे पाहिलं, मग कोषांकडे पाहिलं.

"दे," तो म्हणाला. "फक्त पेटवू नको."