काळ्या चौकटीतला योगवर्ग

गोर्नो ब्लातो गावची योगशिक्षिका नेवेना मारिनोवा ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी, सकाळी अकरा वाजता, वयाच्या सदतिसाव्या वर्षी वारली. मयतीला एक्केचाळीस माणसं, एक पाद्री आणि नगरपालिकेचा एक हार हजर होता.

असं काहीही घडलेलं नाही. वरची दोन वाक्यं तुम्ही वाचलीच नाहीत असं समजा. आपण बुधवारपासून सुरुवात करू. बुधवारी नेवेना ठणठणीत होती आणि तिच्याकडे एक योजना होती!

"पंधरा माणसं," ती नवऱ्याला म्हणाली. "पंधरा म्हणजे काय डोंगर आहे? मी पन्नास आणून दाखवते!"

गांचोने सुपाच्या वाडग्यातून मान वर केली नाही. गांचो आशावादी माणूस नव्हता. गावातला कारखाना बंद पडला तेव्हा तो कारखान्यात कामाला होता. सिनेमागृह बंद पडलं तेव्हा तो सिनेमागृहात तिकिटं फाडत होता. आता तो कुठे नुसता जाऊन बसला तरी लोक अस्वस्थ व्हायचे.

पंधरा माणसांची भानगड अशी होती. गावच्या वाचनालयाच्या सभागृहात नेवेना सहा वर्षं योगवर्ग चालवत होती, मंगळवारी आणि गुरुवारी, संध्याकाळी सहा ते साडेसात. वर्गात तीन जणी उरल्या होत्या. एक औषधवाली, एक शेगडीची ऊब घ्यायला येणारी, आणि एक जी मार्चमध्ये चुकून त्या खोलीत शिरली होती आणि भिडेपोटी अजून बाहेर पडू शकली नव्हती. वाचनालयाच्या संचालिका पेन्चेवाबाई म्हणाल्या होत्या, "शनिवारपर्यंत पंधरा नावं आणा. नाहीतर सोमवारपासून कुलूप. तीन बायकांसाठी मी शेगडी पेटवणार नाही!"

आणि कुलूप लागलं की पुढचं ठरलेलं होतं. नेवेनाची बहीण स्पेनमध्ये म्हाताऱ्यांची सेवा करायची. तिने नेवेनासाठी एक म्हातारा राखून ठेवला होता. गावातले सगळे असेच एकेक करून गेले होते. नेवेनाला जायचं नव्हतं. कारण विचारलं तर तिला सांगता यायचं नाही. पण जायचं नव्हतं.

"उघड्यावर वर्ग!" तिने सुपाचा चमचा उगारला. "चर्चमागच्या बागेत, अक्रोडाखाली. निसर्ग, हवा, विश्रांती. चाळीस दिवसांचा अभ्यासक्रम. गावभर पत्रकं लावायची!"

"ऑक्टोबरात," गांचो म्हणाला.

"हवा ऑक्टोबरातही असते!"

कोपऱ्यात सासूबाई, म्हणजे दोन्काबाई, भोपळ्याच्या बिया सोलत होत्या. "डोक्यावर उभं राहणाऱ्या बाईचं एक दिवस काय होणार ते मला माहीत आहे," त्या भोपळ्याला म्हणाल्या.

गावात छापखाना एकच, किर्चोकाकांचा. शेवटची लग्नपत्रिका त्यांनी नऊ वर्षांपूर्वी छापली होती. त्यानंतर फक्त निधनपत्रकं. गावात कोणी गेलं की त्याचा फोटो आणि नाव काळ्या चौकटीत छापून दारावर, खांबावर, बसथांब्यावर डकवायचं. मग नवव्या दिवशी पुन्हा, चाळिसाव्याला पुन्हा, सहा महिन्यांनी, वर्षाने, दरवर्षी. गावातल्या खांबांवर जितके चेहरे होते तितके घरांमध्ये नव्हते. तिथे जन्मलेल्या माणसाला ती पत्रकं दिसणंच बंद झालेलं असतं.

"मला रंगीत हवंय, काका! सूर्य, फुलं!"

"रंग संपला. सात वर्षं झाली."

"मग साधं चालेल. फोटो हा घ्या, हसरा आहे."

"हसू छापताना जातं."

"आणि ही चौकट? ही काढा ना!"

"निघत नाही. भाच्याने बसवली होती, तो बेल्जियमला गेला."

"पण ती काळी आहे!"

"गडद राखाडी म्हण."

बस सुटायला सहा मिनिटं होती. अभ्यासक्रमाआधी दोन दिवस डोंगरावरच्या झोपडीत राहून श्वास ताजातवाना करायचा, असा नेवेनाचा बेत होता. गांचो दोन पिशव्या आणि पंधरा चटया घेऊन बाहेर उभा होता. ओझं लादून विसरलेल्या गाढवासारखा. नेवेनाने मजकूर कागदावर खरडला: 'नेवेना मारिनोवा. शांती. विसावा. चाळीस दिवस. शनिवार, सकाळी अकरा, चर्चमागे अक्रोडाखाली. सर्वांनी यावे.'

"छापून झालं की एकदा दाखवाल ना, काका?"

"काय दाखवायचं? सतरा वर्षं छापतोय. ज्याचं पत्रक, त्याची एकदाही तक्रार आलेली नाही!"

"आणि डकवायचं कुठे कुठे ते..."

"जागा मला माहीत आहेत," किर्चोकाका म्हणाले आणि त्यांनी खळीची बादली उचलली.

गुरुवारी सकाळी दोन्काबाई दूध आणायला म्हणून दार उघडून बाहेर आल्या, तर दारावर सून! काळ्या चौकटीत, न हसणारी. त्यांनी मुलाला फोन लावला. डोंगरावर फोन लागत नाही. मग त्यांनी गावात सगळे करतात तेच केलं. पत्रकावर विश्वास ठेवला.

बसथांब्यावर तोवर गर्दी जमली होती. कोणीतरी खात्री करायला किर्चोकाकांना गाठलं.

"किर्चो, अरे, हे खरं का?"

"खरं म्हणजे? मीच छापलंय! काल स्वतः येऊन मजकूर देऊन गेली."

"स्वतः?"

"फोटोसुद्धा स्वतःच आणला. हसरा होता."

"म्हणजे तिला आधीच कळलं होतं," औषधवाली हळूच म्हणाली. "योगवाल्यांना कळतं."

"आणि मग स्वतःच्या पायांनी डोंगरावर गेली!"

"पिशव्या भरून गेली," किर्चोकाका म्हणाले. आपल्याला कोणी काही चुकीचं विचारतंय असं त्यांना वाटलं नाही, आणि आपण काही चुकीचं सांगतोय असंही वाटलं नाही. ते खळ ढवळत पुढच्या खांबाकडे गेले.

दोन्काबाईंनी घरातला सर्वांत मोठा टोप काढला आणि मयतीला वाटायचे पन्नास माणसांचे गहू उकडायला टाकले. सुनेसाठी इतका मोठा टोप त्यांनी लग्नातही चढवला नव्हता.

शनिवारी डोंगरावरून येणारी पहिली बस साडेदहाला चर्चमागच्या वळणावर थांबली आणि नेवेना-गांचो तिथेच उतरले. धुकं इतकं होतं की गावात जाऊन पाहण्यासारखं काही उरलंच नव्हतं. नेवेनाने अक्रोडाखाली पंधरा चटया अंथरल्या. पावणेअकरा झाले. चटयांवर पंधरा-वीस पिवळी पानं येऊन बसली, दुसरं कोणी नाही.

"कोणी येणार नाही," गांचो म्हणाला.

"येतील! आणि आले की त्यांना पहिलं दृश्य काय दिसलं पाहिजे? विश्रांती! मी शवासनात पडते. तू बाजूला बस आणि लोकांना बसव."

ती मधल्या चटईवर उताणी झाली. थंडी होती, म्हणून गांचोने तिच्या अंगावर पांढरी चादर गळ्यापर्यंत ओढली. वातावरणनिर्मितीसाठी चार मेणबत्त्या आणल्या होत्या, त्या चार कोपऱ्यांना लावल्या. टोपी दवाने भिजली म्हणून काढून मांडीवर ठेवली आणि तो बाकावर बसला. चेहऱ्याचं त्याने वेगळं काही केलं नाही. त्याचा चेहरा जन्मापासून अशाच प्रसंगांची वाट पाहत होता.

मग पावलं वाजली.

नेवेनाने डोळे मिटूनच मोजायला सुरुवात केली. पाच. नऊ. सोळा! सोळा, म्हणजे सभागृह वाचलं! पंचवीस! तिला उडी मारून नाचावंसं वाटलं, पण शिक्षिकेनेच शवासन मोडलं तर काय राहिलं? ती हलली नाही. तिच्या पायांवर हलकेच काहीतरी पडलं. फुलं! किती गोड माणसं आहेत, तिला वाटलं. दोन फुलं. मग चार. मग पुन्हा दोन. मग सहा.

नेवेनाने फुलं मनात पुन्हा मोजली. सम संख्येत फुलं फक्त मयताला वाहतात, जिवंत माणसाला कोणी देत नाही. तीन वर्षांच्या पोरालाही हे माहीत असतं.

बाकाजवळ लोक गांचोचा हात हातात घेत होते.

"धीर धर रे, गांचो."

"धरतोय," गांचो म्हणाला. "इतके येतील असं वाटलं नव्हतं."

"अख्खं गाव आलंय! किती दिवस चाललं होतं हे?"

"सहा वर्षं."

"देवा! आणि तू बोलला नाहीस?"

"बोललो होतो. ऐकतेय कोण?"

"शेवट तरी शांत झाला ना?"

"अजून कुठे झालाय! दीड तास चालेल."

विचारणाऱ्याने छातीवर क्रूस काढला आणि तो मागे सरकला. धुपाचा वास आला. पाद्री मेतोदींनी खर्जात म्हणायला सुरुवात केली. त्या खर्जाखाली, अगदी जवळून, एक ओळखीचा आवाज आला. "सून म्हणून वाईट नव्हती," दोन्काबाई म्हणत होत्या. "सूप पातळ करायची. पण वाईट नव्हती."

नेवेनाने आयुष्यात बारा वर्षं या वाक्याची वाट पाहिली होती. आता उठून ते वाया घालवायचं तिच्या जिवावर आलं. मिटल्या पापण्यांखालून पाणी आलं.

"दव आहे," कोणीतरी म्हणालं.

मग पेन्चेवाबाई पुढे झाल्या. त्यांनी घसा साफ केला. "नेवेना आमच्या सभागृहाचं भूषण होती. मी तिला शब्द देते, तिच्या वर्गासाठी आमच्या सभागृहाचं दार सदैव, सदैव उघडं..."

"लिहून द्या!" नेवेना ताडकन उठून बसली.

पुढचं अर्धं मिनिट गोर्नो ब्लातोच्या इतिहासात कोणी नीट सांगू शकत नाही. नगरपालिकेचा माणूस हारासकट कुंपणावरून पलीकडे गेला. हार अलीकडे राहिला. पाद्री मेतोदी बागेच्या कडेच्या एका जुन्या थडग्यामागे सापडले. मार्चपासून भिडेपोटी अडकलेली ती बाई मात्र सगळ्यांत जोरात धावली. वर्गातून निघायला तिला पहिल्यांदाच योग्य निमित्त मिळालं होतं.

भीती उतरली, तसा राग चढला.

"जिवंत आहेस तर तसं सांगायचं होतंस!" ऐंशी वर्षांच्या स्तान्काआजींनी काठी आपटली. "मी तीन किलोमीटर चालत आलेय!"

"अहो आजी, पत्रक योगाचं होतं!"

"काळ्या चौकटीत योग असतो होय गं?"

"गडद राखाडी," किर्चोकाका मागून म्हणाले.

लोक निघाले असते. पण पाद्री मेतोदी झग्यावरचा चिखल झटकत म्हणाले, "सुरू केलेला विधी अर्धवट टाकता येत नाही." आणि दोन्काबाई टोपावर हात ठेवून म्हणाल्या, "मयताचे गहू घरी परत नेत नाहीत. हे संपल्याशिवाय कोणी हलायचं नाही!" त्यांनी अजून सुनेकडे पाहिलं नव्हतं.

गवत ओलं होतं, म्हणून लोक चटयांवर दाटीवाटीने बसले. पिठीसाखर पेरलेले गहू खाल्ले. राकिया दारूचे दोन थेंब जमिनीवर सांडून उरलेली घशात ओतली. जेवण झाल्यावर काय करायचं ते कोणालाच सुचेना. मयतीनंतर घरी जायचं असतं, पण मयत समोर बसून गहू वाढत होती.

"आलाच आहात, तर जरा आडवे व्हा," नेवेना हळूच म्हणाली. "डोळे मिटा. बाकी काही करायचं नाही."

आधी कोणी हललं नाही. मग स्तान्काआजी कण्हत कण्हत चटईवर आडव्या झाल्या. त्यांच्यामागून एकेक करून सगळे. चाळीसेक माणसं काळ्या कपड्यांत, धुक्यात, अक्रोडाखाली, हात सैल सोडून. पाच मिनिटांत घोरण्याचा आवाज येऊ लागला.

"माझा दिमो गेल्यापासून दिवसा पाठ टेकली नव्हती मी," स्तान्काआजी डोळे न उघडता पुटपुटल्या. "भीती वाटते गं. एकटी बाई दिवसा आडवी दिसली की लोक धावत किर्चोकडे जायचे."

नेवेनाने त्यांच्या पायांवर चादर टाकली.

निघताना सगळ्यांनी तिचा हात हातात घेतला. "नवव्या दिवसाला येतो हं."

"अहो पण मी जिवंत आहे!"

"हो गं, बाळ, हो. नवव्याला येतो."

मंगळवारी नेवेना नावनोंदणीची वही घेऊन सभागृहाच्या दारात सहा वाजता उभी राहिली. दाराला कुलूप होतं. आलं कोणी? गांचो. त्याला पाहून औषधवाली रस्त्याच्या पलीकडे गेली. दुसऱ्या दिवशी नेवेना घरोघर फिरली. "मी आणि योग?" स्तान्काआजी हसल्या. "या वयात? लोक काय म्हणतील!"

नवव्या दिवशी अडतीस माणसं आली. शोकसभांना सभागृह नेहमीच खुलं, तसा नियमच आहे, असं म्हणून पेन्चेवाबाईंनी स्वतः कुलूप काढलं आणि शेगडीही पेटवली. अडतीस जण गहू खाऊन मुकाट्याने आडवे झाले. स्तान्काआजींनी घरून उशी आणली होती.

"मग हाच वर्ग समजा ना, बाई!" नेवेना काकुळतीला आली. "माणसं मोजा!"

"शोकसभेची माणसं वर्गात धरता येत नाहीत," पेन्चेवाबाई म्हणाल्या. "आणि तू जिवंत आहेस हे वरच्या कचेरीत कळलं, तर मला हेही बंद करावं लागेल. काय ते नगरपालिकेला विचार."

त्या रात्री स्पेनहून बहिणीचा फोन आला. म्हातारा फार दिवस थांबणार नाही, म्हणाली. नेवेनाने फोन ठेवला, कोरा कागद घेतला आणि गांचोला शेजारी बसवलं. कचेरीच्या भाषेत निराश वाक्यं त्याला चांगली सुचतात. आवक क्रमांक घेऊन अर्ज दुसऱ्या दिवशी दाखल झाला. तो असा:

'प्रति, मा. नगराध्यक्ष, गोर्नो ब्लातो. विषय: अर्जदार अंशतः मयत असल्याबाबत. महोदय, अर्जदार सध्या हयात असून त्यामुळे तिच्या वर्गाची हजेरी शून्यावर आली आहे. तरी दर मंगळवारी व गुरुवारी सायंकाळी सहा ते साडेसात या वेळेत अर्जदार मयत असल्याचे गृहीत धरावे, उर्वरित वेळी तिला पूर्ववत हयात समजावे, व सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी याबाबतचा निर्णय अर्जदाराच्या सासूबाईंवर सोपवावा, ही नम्र विनंती.'